रात्रीच्या गुळाचं कारण दुपारच्या डब्यात

औशाकडच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वय अडतीस, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, घरात नवरा, दोन मुलं, आत्याबाई (सासूबाई) आणि मामंजी. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीचा उपवास. मध्यंतरी तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ६.१ आला. 'शुगर बॉर्डरवर आहे, गोड बंद करा' असं डॉक्टर म्हणाले आणि सगळ्या घरानं ते मनावर घेतलं. तेव्हापासून रात्री सगळे झोपले की त्या स्वयंपाकघरात जातात. गूळ-शेंगदाणे, मुलांचे बिस्किटपुडे, दुधात घालायची चॉकलेटची पूड कोरडीच चमच्यानं, कधी देवापुढं ठेवायला आणलेले पेढे. रिकामे पुडे पर्समध्ये घालून शाळेच्या वाटेवर टाकतात. सकाळी स्वतःचाच राग येतो, म्हणून दुपारचा डबा तसाच परत आणतात. "मला हे आवरंना झालंय. पोट फुटेस्तोवर खायलेय आन् चव बी कळंना. गोड सुटायचा एखादा पक्का उपाय सांगा, गोळी असली तरी चालंल. आपल्याच घरात चोरी करायलेय, ह्याची लई लाज वाटते."

ताई, गोड सोडायचा पक्का उपाय मी सांगणार नाही, कारण तुमचा त्रास गोडापासून सुरू होत नाही. तो परत आलेल्या डब्यापासून सुरू होतो. रात्रीबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत आणि डब्याबद्दल अर्धी ओळ. मी मानसोपचाराची डॉक्टर आहे, लातूरला बरीच वर्षं बसते. अशी तक्रार घेऊन कुणी आलं की रात्री काय खाल्लं हे मी आधी विचारतच नाही. 'काल सकाळी उठल्यापासून सांगा' म्हणते. मग जे ऐकायला मिळतं त्यात फारसा फरक नसतो. पहाटे उठून बिनदुधाचा नाही तर दोन चमचे साखरेचा चहा. चौघांचे डबे. स्वतःच्या तोंडात काय पडलं ते आठवत नाही. शाळेत मुलांना खिचडी वाढायची, स्वतः फक्त चव बघायची. दुपारी डबा उघडला तर अर्धी पोळी, नाही उघडला तर चहा. संध्याकाळी घरी आल्याबरोबर पुन्हा चहा आणि लगेच चुलीपाशी. रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं ओट्याशी उभ्यानंच. त्यात सोमवार आला तर दिवसभर तेवढंही नाही.

म्हणजे रात्री साडेदहाला तुम्ही स्वयंपाकघरात जाता तेव्हा दिवसभराच्या गरजेच्या निम्मंही पोटात गेलेलं नसतं. शरीराला पटकन चालणारं इंधन हवं असतं आणि घरातलं सगळ्यात पटकन चालणारं इंधन म्हणजे गूळ, साखर, बिस्किट. त्या वेळी कुणाचीही नजर मेथीच्या भाजीकडं जात नाही. ह्याला मनाचा कमकुवतपणा म्हणायचं असेल तर तहान लागण्यालाही म्हणावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीझ नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानं उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसं जेवतं करायचं, हे शोधायचं होतं. ते तरुण स्वतःहून आलेले, मनानं घट्ट. पण काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही राहिलं नाही. स्वयंपाकाची पुस्तकं वाचायला लागले, पाककृती जमवायला लागले, जेवणाची स्वप्नं बघायला लागले. काहींनी नियम मोडून चोरून खाल्लं आणि नंतर स्वतःला दोष देत बसले. पोटभर मिळायला लागल्यावरसुद्धा कित्येकांना पुष्कळ दिवस थांबताच येईना, पोट तट्ट झालं तरी भूक आहेच. त्या तरुणांना आधी खाण्याचा काही आजार नव्हता. त्यांना अर्धपोटी ठेवलं, एवढंच झालं होतं. तुमचं पत्र वाचताना मला ते आठवले.

साखरेचं व्यसन लागतं का, हा प्रश्न हल्ली सगळेच विचारतात. मोबाइलवर कुणीतरी सांगितलेलं असतं की साखर ही अफूसारखी आहे. माणसांच्या बाबतीत हे तसं सिद्ध झालेलं नाही. ज्या प्रयोगांचा दाखला देतात ते प्रिन्स्टन विद्यापीठात उंदरांवर झाले आणि त्यातली अर्धी गोष्ट कुणी सांगत नाही. ज्या उंदरांना रोज बरेच तास उपाशी ठेवून मग साखरेचं पाणी दिलं, ते अधाशासारखे तुटून पडले. ज्यांच्यापुढं अन्न आणि साखरपाणी दिवसभर होतं, ते तसे वागले नाहीत. साखर तीच होती. फरक उपाशी ठेवण्याचा होता.

गोड मेंदूला सुख देतं हे खरंच आहे, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात, झोप कमी झाली की, किंवा डोक्याला ताप असला की ही ओढ वाढते. पहाटे साडेचारला उठून रात्री साडेअकराला झोपणाऱ्या बाईची झोप पाच तासांची. कमी झोपेनं भूक वाढवणारं संप्रेरक चढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं उतरतं. तेव्हा ह्या दुखण्यात झोपेचाही वाटा आहे. पण घरातल्या कामाची वाटणी बदलल्याशिवाय झोपेचं काही होत नाही, आणि त्याला वेळ लागेल. जेवणाचं मात्र ह्या सोमवारपासून बदलता येतं. सोमवार मुद्दाम म्हणतेय.

उपवासाबद्दल बोलायला लोक बिचकतात, मी बिचकत नाही. मी स्वतः एकादशी करते. ज्याला जेवणाचं असं काही दुखणं नाही त्यानं खुशाल करावा. पण ज्या बाईचं रात्रीचं खाणं हाताबाहेर गेलंय तिच्यासाठी आठवड्यातले दोन-तीन उपवास म्हणजे रोग्याला रोज थोडं थोडं रोगाचं कारण पाजणं आहे. शिवाय आपल्या उपवासात एक मोठी खोच आहे. उपवास 'मोडतो'. दुपारी चुकून लसणाची तिखट चटणी तोंडात गेली तर मन म्हणतं, मोडलाच आहे, आता काय उरलं? हीच सवय मग गोडाच्या बंदीलाही लागते. एक बिस्किट खाल्लं, नियम मोडला, आता पुडा संपवू, उद्यापासून नव्यानं. उद्या म्हणजे पुन्हा डबा परत. तुमच्या रात्री ह्याच चक्रात फिरताहेत.

म्हणून निदान तीन-चार महिने उपवास थांबवा. आत्याबाईंना कसं सांगायचं, ही तुमची खरी अडचण आहे, मला ठाऊक आहे. मी माझ्या पेशंटच्या कागदावर औषधांच्या वर मोठ्या अक्षरात 'उपवास करू नये' असं लिहून देते. सुनेनं सांगितलेलं ऐकलं जात नाही, डॉक्टरचा कागद ऐकला जातो. हे काही बरं लक्षण नाही, पण वापरून घ्या. व्रत बोललेलं असेल तर उद्यापन करून मोकळं व्हा, आपल्याकडं त्याची सोय पहिल्यापासून आहे. आणि अगदीच सुटत नसेल तर उपवासाच्या दिवशी उपाशी राहायचं नाही एवढं तरी पाळा. साबुदाणा जवळजवळ सगळा पिठूळ पदार्थ, शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नाही. त्याच्या खिचडीवर दिवस काढला की चारला भूक आणि दहाला गूळ ठरलेला. त्यापेक्षा भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध. दिवसातून तीनदा, वेळेवर.

आता रोजचं. खाण्याच्या ह्या आजारांवर जो मानसोपचार सगळ्यात तपासला गेलाय त्याची पहिली पायरी काय आहे म्हणाल, तर वेळेवर जेवण. तीन जेवणं, मधे दोन छोटं खाणं, आणि दोन खाण्यांत साधारण चार तासांच्या वर खंड नाही. मनाच्या गोष्टी नंतर. काय खावं ह्यापेक्षा केव्हा खावं हे आधी बसवायचं. शाळेला निघायच्या आधी एक भाकरी आणि घट्ट वरण, किंवा दोन धपाटे आणि दही. रात्रीचं पिठलं उरलेलं असेल तर तेही चालेल. दुपारचा डबा पूर्ण संपवायचा, त्यात पोळीभाजीच्या जोडीला मटकी, हरभरा, अंडं ह्यांपैकी काहीतरी हवं. शाळा सुटताना, साडेचार-पाचला, पर्समधले मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, नाही तर घरी येऊन वाटीभर सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा, दाणे जास्त घालून. ज्या पर्समध्ये आज रिकामे पुडे असतात तिथं फुटाण्याची पुडी असू द्या. रात्रीचं जेवण आठच्या आत आणि बसून.

बसून म्हणताना घरातल्या दुसऱ्या एका रीतीला हात घालतेय. पुरुष आणि मुलं आधी, बाई शेवटी. महालक्ष्म्यांना पंगती उठेपर्यंत जेवायचं नाही ते समजू शकते, वर्षातून एकदा आहे. पण रोज रात्री साडेनऊला खरवडलेल्या भातावर आणि गार भाकरीवर जेवण उरकणारी बाई अकराला गूळ शोधणारच. सगळ्यांबरोबर ताट घेता येत नसेल तर मुलांबरोबर घ्या. ती आधीच जेवतात, त्यांना आई शेजारी बसलेली आवडतेही. भाकरी करता करता मधेच उठून वाढावं लागतं, हे मला माहीत आहे. सगळ्या भाकरी आधी करून शिपतरात (टोपलीत) झाकून ठेवल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. गरम फुगलेली भाकरी तव्यावरून थेट ताटात, हा हट्ट घरातल्या एका बाईच्या पोटावर चालतो.

पहिले दोन आठवडे तुम्हाला वाटेल, मी आता जास्तच खायलेय, वजन वाढणार. बहुतेकींना वाटतं. दिवसा वाढलेलं रात्री कमी होतं, आणि रात्रीचे हजार-बाराशे कॅलरीचे गूळ-बिस्किट गेले की दुपारची भाकरी भारी पडत नाही. काटा मात्र ह्या काळात घरात नकोच. आठवड्यातून एकदाच्या वर वजन करू नका.

गोडाचं काय करायचं? बंद करायचं नाही, उजेडात आणायचं. दुपारच्या जेवणानंतर ठरवून थोडं गोड, ताटात वाढून, बसून, लोकांसमोर. सुपारीएवढा गुळाचा खडा आणि थोडे शेंगदाणे, किंवा एक पेढा. रोज नको असेल तर एक दिवसाआड. तुमच्या शुगरला हे चालतं का? ६.१ म्हणजे मधुमेह नव्हे. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पट्टी, ६.५ पासून मधुमेह. ठरावीक, थोडं, जेवणाबरोबर खाल्लेलं गोड आणि रात्री पाव किलो रिचवलेलं गोड ह्यांत शरीराच्या दृष्टीनं फार अंतर आहे. ह्या टप्प्यावरच्या लोकांचा अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. वजन सातेक टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, एवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. त्यात कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं.

आणि तुम्ही चहाचा हिशेब केलाच नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या, आत ठेवलेली बरी. आपल्याकडचा चहा दोन चमच्यांशिवाय चहा वाटत नाही. शाळेत दोन, घरी दोन, पाहुणा आला तर पाचवा. आठ-दहा चमचे साखर सगळ्यांसमोर, बशीत फुंकून पिऊन होते आणि तिची कुणालाच लाज वाटत नाही. लाज सगळी रात्रीच्या गुळाच्या वाट्याला! चहातली साखर आठवड्याला अर्धा चमचा ह्या हिशेबानं उतरवा, एकदम बंद नको. जीभ महिना-दीड महिन्यात जुळवून घेते.

गुळाबद्दल एक गैरसमज आपल्या ऊसपट्ट्यात फार घट्ट आहे. गूळ साखरेपेक्षा 'गरम' असेल, त्यात थोडं लोह असेल, पण त्याचा मोठा भाग साखरच आहे आणि रक्तातली साखर तो तितकीच चढवतो. आत्याबाई 'गूळ चालतो, साखर नको' म्हणत असतील तर ते मधुमेहात चालत नाही. आणि मी तुम्हाला गुळाचा खडा सांगितला तो गूळ औषधी आहे म्हणून नव्हे. तो तुम्हाला आवडतो म्हणून.

आता प्रत्यक्ष रात्रीचं. हे सगळं करूनही सुरुवातीला रात्री पाय स्वयंपाकघराकडं वळतील. तेव्हा आधी विचारा, पोटात भूक आहे का? भूक म्हणजे भाकरी-वरणही चालेल अशी. असेल तर खा. लाइट लावून, ताटात घेऊन, बसून. अर्धी भाकरी आणि वरण, नाही तर कपभर दूध. अंधारात, उभ्यानं, डब्यातून हातानं खाल्लं की किती खाल्लं हे मेंदूला कळतच नाही. भाकरी नको, फक्त गोडच हवं असं असेल तर ती ओढ आहे. ती चढते, टिकते आणि साधारण वीस मिनिटं-अर्ध्या तासात ओसरते, खाल्लं नाही तरी. तेवढा वेळ स्वयंपाकघराबाहेर काढायचा. उद्याच्या साडीला इस्त्री, अंगणात चक्कर, बहिणीला फोन, काहीही. पण हा उपाय पोट भरलेल्या माणसाचा आहे. दिवसभर उपाशी राहून वीस मिनिटं थांबायला जाल तर एकविसाव्या मिनिटाला जास्त खाल.

आणि एखाद्या रात्री पुडा संपलाच तर? दुसऱ्या दिवशी सकाळची भाकरी चुकवायची नाही. एवढं एकच कलम मी कडक ठेवते. बाकी सगळ्यात सूट आहे.

एक वही ठेवा. कॅलरी लिहायच्या नाहीत. किती वाजता, काय, कुठं बसून, आणि त्याआधी काय झालं होतं. दोन आठवड्यांत तुम्हालाच दिसेल की वाईट रात्रींच्या आधी काहीतरी ठरलेलं असतं. कधी सोमवार, कधी नणंदेचा फोन, कधी केंद्रप्रमुखांनी मागितलेली माहिती रात्री भरत बसणं. कुणी वाचेल अशी भीती असेल तर शाळेच्या टाचणवहीच्या मागच्या पानांवर लिहा, घरात ती कुणी उघडत नाही.

चोरीबद्दल लिहिलंत. स्वतःच्या पैशानं आणलेलं, स्वतःच्या घरातलं अन्न खाणं ही चोरी कशी? लपवावं लागतं म्हणून चोरी वाटते. लपवावं लागतं कारण घरानं तुमच्या ताटावर पहारा बसवलाय. हे सगळं घराला सांगायची गरज नाही, पण एका माणसाला सांगा. नवराच असला पाहिजे असं नाही. तुम्ही लिहिलंय की ते वजनावरून चेष्टा करतात, मग आधी बहीण किंवा शाळेतली मैत्रीण निवडा. वाक्य साधं ठेवा: 'मला रात्री खायचं आवरंना झालंय, मी डॉक्टरला दाखवायलेय. तू मला सल्ला देऊ नको, फक्त ऐक.' पुढं नवऱ्याला सांगाल तेव्हा ह्या ओळी त्यांना वाचून दाखवा. भाऊ, डब्याला कुलूप लावू नका, बिस्किटं मोजू नका, चारचौघांत 'तुला चालतं का हे?' असं विचारू नका, वजनावर विनोद बंद. तुम्हाला काही करायचंच असेल तर रात्री आठला चार ताटं एकदम मांडा.

सण जवळ आले की माझ्याकडं अशा पेशंटची गर्दी वाढते, म्हणून एवढं सांगते. वेळ अमावस्येला शेतात सगळे भज्जी, आंबील, उंडे आणि खिरीवर ताव मारतात आणि 'शुगर आहे' म्हणून एक बाई नुसती आंबील पिऊन उठते. रात्री घरी आलेली उरलेली खीर पातेल्यातून तीच संपवते. शेतातच वाटीभर खीर घ्या, सगळ्यांच्या पंगतीत. संक्रांतीलाही तसंच.

तुमच्या पत्राच्या निमित्तानं आणखी काही लोकांशी बोलायचंय, कारण लपून गोड खाण्याची कारणं सगळ्यांची सारखी नसतात. मधुमेहाच्या गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला रात्री घाम फुटून, हात थरथरून, छाती धडधडून गोड खावंसं वाटलं तर ती हाव नव्हे. साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. तिथं तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच प्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, साखर वर आली की थोडं जेवायचं आणि सकाळी डॉक्टरांना गोळीबद्दल विचारायचं. 'आजोबा चोरून साखर खातात' म्हणून रागावणाऱ्या घरांनी आधी ग्लुकोमीटरनं तपासून बघावं. अशा गोळ्यांवर असताना डॉक्टरांना न विचारता उपवास करायचाच नाही. उलट ज्याला सारखी भूक, सारखी तहान, वरचेवर लघवी आणि खाऊनही वजन उतरतंय, त्यानं साखर आजच तपासावी, ती फार वाढलेली असू शकते.

खडू, माती, कच्चे तांदूळ लपून खाणाऱ्या मुली-बाया वेगळ्या. तिथं आधी हिमोग्लोबिन बघायचं, बहुतेकदा लोह कमी निघतं. लातूरला नीटच्या तयारीसाठी खोली करून राहणारी पोरं रात्री दोनला बिस्किटं आणि नूडल्सवर असतात. मेसचं जेवण आवडत नाही म्हणून दुपारी सोडलेलं असतं, तीच गोष्ट. आणि पुरुष नसतात असं समजू नका. घरी पथ्याची भाजी आणि घरी यायच्या आधी हायवेवरच्या हॉटेलात चार गुलाबजाम, असे पुष्कळ आहेत. ते फक्त दवाखान्यात उशिरा येतात. काही मानसिक आजारांची औषधंही भूक खूप वाढवतात. ती आपल्या मनानं बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरशी बोला, पर्याय असतात.

तुमच्या दुखण्याला नाव आहे का? आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने, थोड्या वेळात नेहमीपेक्षा पुष्कळ खाणं, थांबता न येणं, एकटं लपून खाणं आणि मग स्वतःची किळस, ह्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ पासून त्याला स्वतंत्र आजार मानलंय. पण दुसऱ्या दिवशी मुद्दाम उपाशी राहून 'भरपाई' करणं वरचेवर होत असेल तर निदान बुलिमिया नावाच्या दुसऱ्या आजाराकडं झुकतं. पत्रावरून मी ते ठरवणार नाही, समोर बसून विचारावं लागतं. बोटं घालून उलटी काढणं, जुलाबाचं औषध किंवा चूर्ण मुठीनं घेणं हे चालू असेल तर डॉक्टरला दाखवायला उशीर करू नका, त्यानं रक्तातलं पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. झोपेत उठून खाल्लं आणि सकाळी काहीच आठवत नाही असं होत असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर ह्याच आठवड्यात भेटा.

गोळी विचारलीत. बुलिमियात फ्लुओक्सेटिन उपयोगी पडतं, सोबत उदासी असेल तर औषधाचा विचार करतोच. बिंज ईटिंगसाठी अमेरिकेत २०१५ साली एक औषध मंजूर झालं, पण ते उत्तेजक वर्गातलं आहे आणि सुरुवात त्यानं करायची नसते. सुरुवात वर सांगितलेल्या वेळापत्रकानं आणि समुपदेशनानं होते, पूर्ण उपचार साधारण वीस भेटींचा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ह्या उपचारानं रात्रीचं खाणं बऱ्याच जणींचं सुटतं, वजन मात्र त्या मानानं थोडंच उतरतं. वजनासाठी येणार असाल तर निराश व्हाल. गुडमारची पानं चघळली की थोडा वेळ गोड लागत नाही हे खरं आहे, पण भूक तिथंच राहते. 'सात दिवसांत गोडाची सवय मोडा' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींवर पैसे घालू नका.

लातूर, अंबाजोगाई, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत, चारही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. जिल्हा रुग्णालयातही विचारा. बोलायला लाज वाटत असेल तर आधी टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा, सरकारी सेवा आहे, कधीही फोन लागतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही जे सांगाल ते गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आमच्यावर बंधनकारक आहे, जिवाला धोका असण्यासारखे कायद्यातले अपवाद सोडले तर शाळेत किंवा घरी काही कळवलं जात नाही. येताना दोन आठवड्यांची वही, एचबीए१सीचा कागद आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी आधी करून घेतलीत तर एक चक्कर वाचेल. रक्त द्यायला उपाशी यायला सांगितलं असेल तर भाकरी बरोबर बांधून आणा आणि रक्त दिल्याबरोबर तिथंच बसून खा.